पडद्यांच्या दुकानातली गिटार

पडदे शिवणाऱ्या त्या दोघी जावा. थोरली मापं घ्यायची, कापड कापायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. धाकटी मशीनवर बसायची. एकवीस वर्षं हीच वाटणी चालत आली होती आणि दोघींनाही ती मनापासून मानवली होती. धाकटीला बोलण्याचा मूळचाच कंटाळा. कुणी दुकानात शिरताना दिसलं की ती चार टाचण्या तोंडात धरायची, म्हणजे उत्तर द्यायची पाळीच येत नसे. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, शिडी आणि ड्रिल घेऊन दिवसभर लोकांच्या खिडक्यांवर दांड्या ठोकत फिरायचे. त्यामुळे दुकानात या दोघींचंच राज्य होतं.

एके दिवशी सकाळी एक उंच, काटकुळा माणूस गिटार घेऊन दुकानात आला. त्याच्या गळ्यात पाणीखात्याचं ओळखपत्र होतं. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचं त्याचं काम.

"हिला कव्हर शिवून हवंय," तो म्हणाला.

"आम्ही पडदे शिवतो," थोरली म्हणाली.

"पडद्याच्या कापडाचं चालेल. हिच्यावर धूळ फार बसते हो."

"रोज वाजवली तर धूळ बसेल कशाला?"

मीटरवाला ओशाळला. "तेच तर," एवढंच म्हणाला. मापासाठी गिटार ठेवून, एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून, "आठवड्याभरात येतो," म्हणून तो गेला. गिटारीबरोबर त्याची एक कापडी पिशवीही राहिली, तिच्यात गिटार शिकायचं एक पातळसं पुस्तक.

धाकटीनं चार दिवसांत कव्हर शिवलं. एका दवाखान्याच्या पडद्यांतून उरलेलं जाड हिरवं कापड, आत मऊ अस्तर, कंबरेच्या जागी बरोबर वळण, तोंडाशी तीन बटणं. एवढ्या आवडीनं तिनं गेल्या वर्षभरात काही शिवलं नव्हतं. कव्हर भिंतीवरच्या खिळ्याला लटकलं आणि मीटरवाल्याची वाट पाहू लागलं.

आठवडा गेला, महिना गेला, माणसाचा पत्ता नाही. चिठ्ठीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्यात नंबरातला शेवटचा आकडा पार विरघळला होता. थोरली हार मानणारी नव्हती. तिनं शून्यापासून नऊपर्यंत दहाही आकडे लावून पाहिले. एक फोन मोटार शिकवणाऱ्या शाळेत लागला, एका आजोबांनी तिला सून समजून गुडघेदुखीची सगळी हकिकत ऐकवली, बाकीचे उचललेच गेले नाहीत. शेवटी दोघींनी नाद सोडला. गिटार कोपऱ्यात, कापडाच्या दोन गठ्ठ्यांच्या मध्ये, मुकाट उभी राहिली.

असे पाच महिने गेले. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असायचं आणि थोरली घरी जाऊन पडायची. त्या वेळात धाकटी एकटीच काज-बटणं, दुमडी असली हातशिलाई उरकायची. एका दुपारी कापडाचा एक गठ्ठा घसरला आणि गिटारीवर आपटला. सगळ्या तारा एकदम वाजल्या आणि वाजतच राहिल्या. धाकटीनं उठून त्यांच्यावर हात ठेवला. आवाज थांबला. मग कुणी बघत नाही असं पाहून तिनं एक तार मुद्दाम ओढली.

त्या दिवशी काज-बटणं राहून गेली.

पिशवीतलं पुस्तक तिनं काढून पाहिलं. प्रत्येक पानावर एकाखाली एक सहा आडव्या ओळी, आणि त्या ओळींवर बसलेले आकडे. कागदावरच्या रेघा आणि आकडे वाचण्यातच तिचा जन्म गेला होता. ओळी सहा, तारा सहा, म्हणजे ओळ ती तार. गिटारीच्या मानेवर पितळी पट्ट्यांनी घरं पाडलेली होती. आकडा तीन म्हणजे तिसऱ्या घरात बोट दाबायचं, शून्य म्हणजे तार नुसतीच मोकळी छेडायची. दहा मिनिटांत तिला हे सगळं उमगलं आणि तिची मान ताठ झाली. पुस्तकाची पहिली दोन पानं बारीक अक्षरांनी गच्च भरलेली होती, ती तिनं सरळ सोडून दिली. मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तकही एकवीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. त्यावाचून शिवायचं काही अडलं नव्हतं.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला तिनं हळूच फोन केला.

"आई, तारा जुळवल्यास का आधी?"

"कशाशी जुळवायच्या?"

लेक पोट धरून हसली आणि तिनं फोनवर एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं. तार छेडायची, खुंटी पिळायची, आणि काटा हिरवा झाला की थांबायचं. धाकटीनं सहाही तारा हिरव्या केल्या आणि पुस्तकातलं सगळ्यात शेवटचं गाणं काढून बसली. गाण्याचं नाव होतं 'नदीकाठची संध्याकाळ'. नावावरच ती भाळली. दोन पानभर आकडे, साखरेवर मुंग्या धराव्यात तसे. काही ठिकाणी तर एकावर एक चार-चार. नऊ दुपारी तिनं पहिल्याच ओळीशी झटापट केली. दहाव्या दुपारी थोरली लवकर परतली आणि शटरखालून वाकून आत येत म्हणाली, "काय गं, उंदीर झालेत का दुकानात?"

धाकटीला ते लागलं. रागानं ती मशीनवर जाऊन बसली आणि सरळ शिलाई मारता मारता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात नवी मुलगी शिकायला आली की तिच्या हातात आपण काय देतो? चुण्यांचा, अस्तराचा पडदा देतो का? टॉवेलाच्या कडा दुमडायला देतो. मग स्वतःलाच ही सवलत का नाही?

दुसऱ्या दिवशी ती पेन्सिल घेऊन पुस्तकाला भिडली. तीनपेक्षा मोठा आकडा असेल तर गाणं बाद, कारण तिची करंगळी अजून कुणाचं ऐकत नव्हती. एकावर एक दोन आकडे दिसले तरी बाद. गाणं एका पानात संपत नसेल तर तेही बाद. बत्तीस गाण्यांतून पाच उरली. त्या पाचांचे आकडे तिनं चुण्या मोजाव्यात तसे मोजले. पान अकरावर सर्वांत कमी, एक्केचाळीस. गाण्याला धड नावही नव्हतं, 'सरावगीत क्रमांक दोन' एवढंच छापलेलं.

बोटं दुखतील असं लेकीनं बजावलं होतं, पण तिथं धाकटीला आयतंच फावलं. कापडाखाली सुईची टोकं खाऊन खाऊन तिच्या डाव्या हाताची बोटं आधीच खरबरीत झाली होती. तीन आठवड्यांत क्रमांक दोन तिला न अडखळता यायला लागलं. चाल मात्र विचित्र होती. जिना चढणारा माणूस मध्येच काहीतरी आठवून खाली यावा, पुन्हा दोन पायऱ्या चढावा, आणि शेवटी जिन्यातच बसून राहावा, तशी. पण दहा-वीसदा ऐकली की ती मनात घर करायची. धाकटी घरीही ती गुणगुणायची, ती ऐकून नवरा शिडीवर उभा राहून तीच शीळ घालायला लागला. आणि एका सकाळी कापड कापता कापता थोरलीच गुणगुणताना सापडली.

"कुणाचं गं हे गाणं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही जाऊबाई. क्रमांक दोन आहे."

"फार खोल आहे," थोरली कात्री थांबवून म्हणाली. "ज्यानं केलं त्यानं आयुष्यात काहीतरी सोसलं असणार बघ."

तेव्हापासून दुपारी घरी जाणं थोरलीनं कमी केलं. दुकानातच खुर्ची टाकून, डोळे मिटून, "वाजव तुझं ते," म्हणायची.

सातव्या महिन्यात, अशाच एका दुपारी, शटरखालून एक काटकुळा माणूस वाकून आत आला. थोरली समोरच्या दुकानातून दोरा आणायला गेली होती. धाकटी गिटार मांडीवर घेऊन बसलेली. तोंडात टाचण्या नव्हत्या आणि पळायला जागाही नव्हती.

"मीटर बघायचा होता," तो म्हणाला, आणि मग त्याला गिटार दिसली. त्याची तात्पुरती बदली दुसऱ्या गावी झाली होती. ती रातोरात झाली आणि गडबडीत गिटार डोक्यातून साफ गेली, असं त्यानं खाली बघत सांगितलं. मग विचारलं, "आत्ता काय वाजवत होता?"

"तुमच्याच पुस्तकातलं आहे. पान अकरा."

"पुन्हा वाजवता?"

धाकटीनं मान खाली घालून वाजवलं. मीटरवाला ऐकत राहिला. मग त्यानं पुस्तकात पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं. आकडे वाचण्यात त्याचाही जन्म गेला होता.

"बाई, तुम्ही हे उलटं वाचताय."

"पुस्तक सरळच आहे की."

"पुस्तक सरळ आहे, ओळी उलट्या आहेत. सगळ्यात वरची ओळ म्हणजे सगळ्यात बारीक तार. ती जमिनीकडची. तुम्ही वरच्या ओळीला वरची जाड तार धरलीत. पहिल्या पानावर लिहिलंय बघा."

धाकटीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पहिलं पान उघडलं. खरंच लिहिलं होतं.

"मग वरची तार वरच का नाही छापली?" ती म्हणाली.

"मी मास्तरांना हेच विचारलं होतं. चारच शिकवण्या केल्या मी. मला ते शेवटचं गाणं बहिणीच्या लग्नात वाजवायचं होतं. थेट तिथूनच सुरुवात केली."

"नदीकाठची संध्याकाळ?"

"हो. बहिणीला आता दोन मुलं आहेत."

धाकटी हसली. मग पुस्तक गुडघ्यावर टेकवून, एकेक ओळ उलट्या तारेवर शोधत, तिनं क्रमांक दोन पहिल्यांदा सरळ वाजवलं. दुसरी ओळ संपेपर्यंत थोरली दोऱ्याचं खोकं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिसऱ्या ओळीला तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अगं, ही तर कचऱ्याची गाडी," ती म्हणाली.

खरंच होतं. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत शिरताना भोंग्यावर जी चाल लावायची, तीच ही, सूर अन् सूर. धाकटीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मीटरवाला भिंतीला टेकला, आणि थोरली खुर्चीत बसून डोळे पुसत म्हणत राहिली, "सोसलं असणार, म्हणे. कुठं तोंड दाखवू आता?"

हसणं ओसरलं. मीटरवाल्यानं मीटर वाचला, आकडा टिपला, आणि मग जरा चाचरत विचारलं, "कव्हर झालं असेल ना?"

धाकटीनं गिटार मांडीवरून उतरवली आणि टेबलावरच्या टाचण्यांकडे हात नेला. थोरलीनं ते पाहिलं.

"नाही झालं अजून," थोरली म्हणाली.

मीटरवाल्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "मग ते हिरवं?"

"तो पडदा आहे."

"त्याला कंबर आहे."

"असतात काही खिडक्या तशा," थोरली जराही न डगमगता म्हणाली.

मीटरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. ती खाली बघून गिटारीच्या लाकडावरची नसलेली धूळ बोटानं पुसत होती. "माझी काही घाई नाही," तो म्हणाला. "केव्हा येऊ विचारायला?"

"गुरुवारी बघा. दुपारी."

गुरुवारी तो आला. कव्हर झालं नव्हतं. पुढच्या गुरुवारीही नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी तो पुस्तकाबद्दल बोलायला लागला, आणि चौथ्या गुरुवारी धाकटीनं त्याच्या हातात त्याचीच गिटार देऊन त्याला पान अकरावर बसवलं. मऊ बोटांचा माणूस तो, दहा मिनिटांत हात झटकायला लागला. धाकटीनं त्याला कडा दुमडण्याची गोष्ट सांगितली. एवढी लांब गोष्ट तिनं परक्या माणसाला आजवर सांगितली नव्हती, असं थोरलीनं संध्याकाळी घरी सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात कचऱ्याची गाडी मीटरवाल्याच्या हातून धडधाकट निघाली. बहिणीच्या मुलांना ती फोनवरून ऐकवली, तर त्यांनी तिकडे धावत जाऊन कचऱ्याचा डबा आणला, असं सांगताना त्याचा चेहरा फुलून आला होता.

थोरलीला मात्र सरळ चाल काही पसंत नव्हती. "ते गल्लीत रोज फुकट ऐकते मी," ती म्हणायची. "आपलं जुनं वाजव." त्यामुळे उरलेली चार गाणी धाकटीनं आधी सरळ बसवली आणि मग थोरलीखातर उलटीही वाजवून दाखवली. तीन उलटी गाणी ऐकवत नव्हती. चौथं बरं निघालं, आणि ते ऐकताना थोरलीनं सोसण्याचा विषय मुद्दाम काढला नाही.

सोपी पाचही गाणी संपली त्या गुरुवारी दोघं पुस्तक मध्ये ठेवून बसली.

"आता शेवटचं," मीटरवाला म्हणाला.

"त्यात चार-चार आकडे आहेत एकावर एक."

"मग एक ओळ तरी."

"एका ओळीनं माझे नऊ दिवस खाल्लेत. आधी दोन तारा एकदम धरायला येऊ देत." तिनं पानं मागे उलटली, पेन्सिलीनं मोजलं, आणि पान सतरावर बोट ठेवलं. तिथं एकावर एक दोन आकडे होते, पण फक्त सहा जागी. करंगळीचं कामही एकदाच. "हे घेऊ."

"किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे."

"एकात होईल," तो म्हणाला.

पाच लागले.