पाच कॉम्प्युटर, एक लाइन

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेला सायबर कॅफे चालवायचे. कॉम्प्युटर पाच आणि फोनची लाइन एकच. कोणी गाणं उतरवायला घेतलं की बाकीचे चौघं तोंड पाडून माझ्याकडे बघायचे. ‘काकी, मेल उघडतच नाही!’ अरे, मी काय तारेत शिरून ढकलू?

शेवटी लाइन सगळ्यांना सारखी वाटून देणारं एक सॉफ्टवेअर बसवून घेतलं. तरी एक कॉलेजवाला मजेत आणि बाकीचे रडकुंडीला. का, तर हा पठ्ठ्या एका वेळी आठ खिडक्या उघडून आठ गाणी उतरवायचा. सॉफ्टवेअर माणसं मोजत नव्हतं, खिडक्या मोजत होतं. एकाला आठ वाटे!

हा चावटपणा मी बरोबर ओळखला. लग्नानंतर ठाण्याच्या चाळीत मी वर्षानुवर्षं नळावर भांडलेय. तिथेही एक बाई पहाटेच आपले सगळे हंडे रांगेत लावून जायची. आम्ही ठरवलं, घरटी एकच हंडा, दुसरा हवा तर पुन्हा रांगेच्या शेवटी. मी कॅफेच्या भिंतीवर पाटी लावली: माणशी एकच खिडकी.

पोरगा तणतणला. ‘काकी, मी गिऱ्हाईक नाही का?’

‘आहेस रे राजा. पण एकच आहेस, आठ नाहीस.’

तो रुसून गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याभरात स्वारी परत हजर. दुसऱ्या कॅफेत म्हणे त्याच्याहून सवाई खिडकीवाले बसले होते! इकडे माझ्याकडे मात्र सगळ्यांची मेल उघडू लागली, आणि बाकड्यावर वाट बघणारेही हसून बोलू लागले.

एका शनिवारी दुपारी खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक बाई बाळाचा फोटो घेऊन आली. सोबत सासू होती, पण ती आत न येता पायरीवरच पाठ फिरवून बसली. बाईचा नवरा बोटीवर कामाला. तो गेल्यावर ही तिसरी मुलगी झाली. तेव्हापासून सासूचा अबोला, आणि त्याला फोनवर कळवलं तर त्यानेही नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवलेला. आज तो परदेशातल्या बंदरावर कॉम्प्युटरपुढे बसून होता. तासाभरात बोट सुटणार, मग कित्येक महिने समुद्रात.

‘ताई, फोटू आजच जावाला पायजे,’ ती म्हणाली. ‘पोरीला बगल्याबिगर त्याच्या मनात काय हाय, मना कलाचा नाय.’

एक खुर्ची रिकामी होती, तिथे तिला बसवलं. फोटो स्कॅन केला, पाठवायला लावला, तर तो मुंगीच्या पावलानं सरकू लागला. पाचांत वाटणी! या चालीनं बोट सुटल्यावर पोचला असता. माझाच नियम माझ्या मुळावर आला. मग मी उठले आणि सगळ्यांना सरळ सांगितलं, काय अडलंय ते.

पहिल्यांदा त्या कॉलेजवाल्यानंच खिडकी बंद केली. त्याचं गाणं जवळजवळ उतरलं होतं, आता पुन्हा पहिल्यापासून. ‘जाऊ दे काकी,’ म्हणाला. मग बाकीच्यांनीही हात आवरले. आख्खी लाइन त्या फोटोला मिळाली आणि तो गेला.

पुढचा वेळ मात्र जाता जात नव्हता. कोणी खुर्चीवरून हललं नाही. बाई पदराचं टोक चावत बसलेली. मग पडद्यावर ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत मराठी. तिला वाचता येईना, म्हणून मीच वाचली. ‘नाक माजा हाय. आख्ख्या कोळीवाड्यात पेढे वाट.’

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

बाईनं डोळे पुसले, दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘ताई, परत वाचा ना. जरा मोठ्यानं. सासू भायेर बसलीय.’