हळदीकुंकवाचे रविवार

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या भागातल्या बाया रविवारी घरात सापडत नाहीत. हळदीकुंकवाला जातात. त्याच दिवसांत उत्तरेकडून आलेले पक्षी आमच्या माळांवर आणि शेतांत पोट भरत असतात, होळी झाली की परत जातात. ज्या बाईला दोन्ही हवं, तिची दरवर्षी पंचाईत. आम्ही तिघी सकाळी माळावर असायचो आणि दुपारी धावतपळत घरी. पायाची माती नीट धुतली न धुतली तोच जरीची साडी अंगावर चढवायची, आणि वाणाला डबी मिळो की गाळणी, पिशवीत टाकून पुढच्या घरी पळायचं.

तिघी म्हणजे मी, सिस्टर आणि धाकटी. मी वैशाखरे गावची सून, शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून त्या मला बाई म्हणत. सिस्टर मुरबाडला सरकारी दवाखान्यात नर्स. धाकटी मुरबाडच्याच बाजारात ब्लाउज शिवायची. शाळेतल्या पोरांना दाखवायला मी पक्ष्यांचं एक पुस्तक आणलं होतं, ते या दोघींनी माझ्याकडून नेलं आणि तिथून आमचं डोकं फिरलं. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. कधी खर्डीची भातखाचरं, कधी तानसाचा तलाव, नाहीतर माळशेजच्या पायथ्याचं रान. सकाळच्या एस.टी.नं जायचं, भाकरी बांधून न्यायची, अंधार पडायच्या आत परत. जानेवारीत कोरी यादी सुरू करायची आणि डिसेंबरपर्यंत भरायची, एवढाच आमचा खेळ. त्याला एकच नियम होता, तो मी केला होता: पक्षी तिघींनी पाहिला तरच यादीत. सिस्टरला दर झाडावर गरुड दिसायचा, म्हणून हा नियम. त्यात दुर्बीण तिघींत एक. पहिलीनं पाहून दुसरीला दिली की तिसरीच्या हातात येईस्तोवर फांदी रिकामी. मग भांडण. भांडण करत पुढे चालायचं.

माझ्या नवऱ्याला पक्ष्यांची काडीचीही आवड नव्हती. पण थंडीत मफलर गुंडाळून मला मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचे, आणि संध्याकाळी आल्यावर विचारायचे, "किती चिमण्या पकडल्यास?" त्यांच्या लेखी सगळ्या चिमण्याच.

श्रावणात ते गेले. तापाचं निमित्त झालं.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला, असं घरी येऊन सांगितलं गेलं. आता मला बरं वाटेल अशा नजरेनं सगळे माझ्याकडे बघत होते. मला बरं वगैरे काही वाटलं नाही. बारा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. ओळखीच्या आल्या, बिनओळखीच्या आल्या, गळ्यात पडून रडल्या, मी रडते का ते पाहून गेल्या. तेराव्यानंतर मी शाळेत गेले. कुणाची हरकत नव्हती. कार्तिकात भात कापायला सगळ्यांच्या बरोबरीनं उतरले, भारे वाहिले, झोडणीला उभी राहिले. तेव्हाही कुणाची हरकत नव्हती. दुःखातल्या बाईनं राबलेलं चालतं, हे मी त्या वर्षी शिकले.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, सिस्टर आणि धाकटी एका रविवारी दुपारी आमच्या ओटीवर येऊन बसल्या. दोघींना त्या दिवशी हळदीकुंकवाला जायचं होतं. त्या गेल्या नव्हत्या. मला वाटलं, बसायला आल्या असतील. सिस्टरनं पिशवीतून यादीची वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली. पान कोरं.

"एक पण नाही?" मी म्हटलं. "अगं, कावळा तरी लिहायचा."

"तिघींनी कुठं बघितला?" सिस्टर म्हणाली. "नियम तूच केलास ना गो? आमी दोघी दोन रविवार फिरून आलो. नीलपंख बघितला, हळद्या बघितला. लिवता येत नाय. आता तूच सांग काय करायचं."

मी म्हटलं नियम बदला. धाकटी तोंड फुगवून म्हणाली, "नाय बदलत, जा."

पुढच्या रविवारी जायचं ठरलं. ठरवताना मी आवाज खाली आणला नाही, आणि आमच्या घरात भिंती पातळ.

थोरले दीर माझ्याशी सरळ बोलत नसत. आमच्याकडे तशीच रीत. मला सांगायचं ते जाऊबाईंकडे बघून सांगायचे, मी ते ऐकायचं, आणि उत्तरही जाऊबाईंकडे बघून द्यायचं. त्या संध्याकाळी ते चहाचा कप खाली ठेवून त्यांना म्हणाले, "सांग तिला. शालंत जा, शेतावर जा, कोन नाय बोलत. पन ती दुर्बीन गल्यात घालून रानात फिरनं आता नको. वरीस तरी होऊ दे. लोकांना काय तोंड दाखवायचं आमी?"

माणूस वाईट नव्हता. भावाच्या जाण्यानं तोही खचला होता, शेतावर एकटा बसलेला मी पाहिला होता त्याला. पण मला राग आला, खरंच फार राग आला. रान तेच होतं. तिथे मी मोळी आणायला गेले असते तर तोंड दाखवायचा प्रश्न आला नसता. मी जाऊबाईंना म्हटलं, "सांगा त्यांना, संध्याकाळपर्यंत येते," आणि रविवारी गेले.

दिवस बरा गेला. कावळ्यापासून सुरुवात केली, लागोपाठ धोबी, कोतवाल, वेडा राघू. दुर्बीण डोळ्याला लावली की डोळे भरून यायचे आणि काचेत सगळं धूसर व्हायचं. "दिसला का?" सिस्टर विचारायची. मी नाही म्हणायचे, खोटं बोलायचं नव्हतं. त्या दोघी मुकाट्यानं थांबायच्या. एका खंड्यासाठी तर इतका वेळ थांबल्या की तो मासा खाऊन, पंख साफ करून, डुलकी घ्यायच्या बेताला आला.

तिन्हीसांजेला घाटरस्त्याच्या कडेनं परतत होतो. भात निघालेल्या खाचरांत वाल लावलेला. एकदम सिस्टरनं माझा दंड धरला. बांधावरच्या वाळल्या गवताच्या वर एक काळं, गोल डोकं, दोन पांढरे डोळे, आणि वर शिंगांसारखी पिसं.

"शृंगी घुबड," ती पुटपुटली. "हलू नका."

आमच्या यादीत ते कुठल्याच वर्षी आलं नव्हतं. आम्ही तिघी चपला काढून ओणव्या झालो, मग गुडघ्यांवर, मग चक्क पोटावर. काटे लागले, साडी मातीनं भरली, तरी पुढे सरकत राहिलो. सिस्टरनं पाहिलं आणि मान डोलावली. मला दुर्बीण दिली. मी पाहिलं. घुबड टक लावून माझ्याकडे बघत होतं, पापणीसुद्धा हलत नव्हती. मी दुर्बीण धाकटीला दिली. तिनं बराच वेळ पाहिलं. एवढ्यात एक गप्पीदास आला, चिमणीएवढा पक्षी, आणि सरळ घुबडाच्या डोक्यावर बसून शेपटी हलवायला लागला.

"बाई," धाकटी हळूच म्हणाली, "त्याच्या गल्याला दोरी हाय."

ते मडकं होतं. चुन्याचे डोळे काढलेलं, पेंढा खोचलेलं, पाखरांना भिववायला वालाच्या शेतात रोवलेलं बुजगावणं. आणि आम्ही तीन मोठ्या बायका, ते घाबरून उडू नये म्हणून पोटावर सरपटत होतो.

आधी धाकटी फुटली. मग सिस्टर. मग माझ्या पोटातून असं काही वर आलं की मला आधी वाटलं रडू आलं. हसू होतं. मी बांधावर बसले, केसांत गवत, पदर मातीत, आणि हसत सुटले. थांबवायला गेले की जास्त यायचं. श्रावणापासून साठलेलं सगळं त्या वाटेनं निघालं.

तेवढ्यात मुरबाडहून आलेली जीप आमच्यापाशी थांबली. बायका बघून ड्रायव्हरला वाटलं सवारी आहे. आत आमच्याच आळीतल्या बाया, हळदीकुंकू करून परतलेल्या, डोक्यात गजरे, मांडीवर वाणाच्या पिशव्या. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय झाला गो बाई?" एकीनं विचारलं.

मला बोलता येईना. सिस्टरनं गंभीरपणे सांगितलं, "काय नाय. आमाला मडकं दिसलं."

मी पुन्हा फुटले. जीप निघून गेली.

मला त्या हसण्याची लाज वाटली नाही. घरी येऊन हातपाय धुताना नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो तापातला चेहरा नव्हता. मफलरमधला होता. मडक्याची गोष्ट त्यांनी गावभर सांगितली असती.

गावभर गेलीच ती, वेगळ्या रीतीनं. सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तर दीर ओटीवर बसले होते. जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "इचार तिला. रस्त्यावर बसून दात काढत व्हती म्हने. सा महिनं नाय झालं मानूस जाऊन."

मी चप्पल घालता घालता थांबले. आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून बोलले.

"भाऊजी, हसत होते मी. पोट दुखेपर्यंत हसले. ते गेले तेव्हा बारा दिवस सगळं गाव मला रडताना बघायला येत होतं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काल हसताना बघितलं, एवढंच झालं. या रविवारी मी परत जाणार आहे."

ते माझ्याकडे बघेनात. जाऊबाईंना म्हणाले, "काय म्हनते ती?"

जाऊबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "तुमी आयकलं ना."

मी शाळेत गेले. आळीतल्या काही जणी नंतर वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांच्या दारात गेले नाही.

रविवारी उजाडताच मी एस.टी.च्या थांब्यावर उभी होते. एरवी थांब्यावर दुर्बीण पिशवीत ठेवत असे, त्या दिवशी साडीवरून गळ्यात घातली. निम्मं गाव थांब्यावर, कुणी कल्याणला निघालेलं, कुणी मुरबाडला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हसण्यासारखं तिथे काही घडलं नाही. घडलं असतं तर मी हसले असते, तिथेच, सगळ्यांच्या देखत.