समोरचा आवाज

स्टुडिओत सगळे तिला वहिनी म्हणत. नायिकेला वहिनी म्हणणं धंद्याच्या दृष्टीने घातकच, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

ती आणि तिचा नवरा ऐकायच्या प्रेमकथांना आवाज देत. तो नायक, ती नायिका. त्यांचं लग्नही त्याच कामात जमलं. एका कथेत त्याने मागणी घातली, तिने होकार दिला आणि रेकॉर्डिंग थांबल्यावरही दोघं माइकसमोरून हलेनात. शेवटी रेकॉर्डिस्टने दिवे घालवले.

नव्या पोरांना नवरा समजावून सांगे, "प्रेमकथेत माणसाला धरून काय ठेवतं? ती हो म्हणेल की नाही, एवढंच. हो म्हणाली की संपलं, कान उठून जातो." ती बाजूला चहा घेत कौतुकाने मान डोलवायची. आपण कधीचं हो म्हणून बसलोय, हे तिच्या डोक्यातही यायचं नाही.

अलीकडे दोघांचं रेकॉर्डिंग वेगवेगळं होई. आधी त्याचं, मग तिने हेडफोनमध्ये त्याचे संवाद ऐकत आपली उत्तरं द्यायची. मधलं खाकरणं-बोलणं कापून साफ केलेलंच तिच्या कानात सोडत. त्या सकाळी रेकॉर्डिस्टने चुकून न कापलेलं सोडलं.

आधी खोकला आला. पंखा फुल ठेवून झोपतो, दुसरं काय, म्हणत ती हसली. मग त्याचा आवाज.

"मॅडम, पुढच्या कथेला नायिका बदलू या."

"अहो, पण वहिनी?" दिग्दर्शिका म्हणाली.

"तिच्यासमोर मला रंगच चढत नाही. मी विचारायच्या आधीच तिच्या आवाजात होकार. भाजी काय करू विचारल्यासारखं वाटतं सगळं."

"सांगणार कोण तिला?"

"मी सांगतो. तुमच्यावर ढकललं तर चालेल ना?"

दोघं हसले. त्याने घसा साफ केला आणि पुढचं वाक्य घेतलं, "तुझ्याशिवाय मला दुसरा आवाज ऐकूच येत नाही."

त्या हसण्याच्या आणि या वाक्याच्या मध्ये फक्त एक खाकरणं होतं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचा चेहरा पडला. "वहिनी, चुकीचं लागलं वाटतं. कुठपर्यंत ऐकलंत?"

"खोकल्यापर्यंत," ती म्हणाली. "पुढचं लाव."

तिचं वाक्य होतं, 'मला माहीत होतं.' तिने ते एका दमात दिलं. रेकॉर्डिस्टने वर न बघताच अंगठा दाखवला.

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना नवरा आला आणि जवळ येऊन बसला.

"ऐक ना. मॅडमना पुढच्या कथेला नवा आवाज हवाय. मी खूप भांडलो गं. म्हटलं, ती नसेल तर मीही नाही. पण वरूनच ठरलंय."

'मीही'च्या आधी त्याने हलका श्वास घेतला. बरोबर जागी. त्याचा आवाज भरून आला, पण शब्द कुठे बुडाला नाही. त्याचा प्रत्येक श्वास ती ओळखून होती. सकाळचं सगळं ऐकून बसली होती. तरी क्षणभर तिला ते खरं वाटलं, आणि याचीच तिला जास्त चीड आली.

हा खरं बोलतोय की छान बोलतोय, असा प्रश्न घरात तिला कधी पडला नव्हता. आता एकदम मागचं सगळं पुढ्यात येऊन उभं राहिलं. आई गेली तेव्हा पाठीवर हात ठेवून तो बोलला होता, ते. मूल होणार नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी रिक्षात बोलला होता, ते. दोन्ही वेळा आवाज असाच भरून आला होता.

"मी नसेन तर काय म्हणालास?"

"तर मीही नाही."

"परत म्हण."

बिचारीला धीर हवाय, असं त्याला वाटलं. त्याने तिच्या हातातला टॉवेल बाजूला ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि परत म्हटलं.

दुसऱ्या वेळी आणखी चांगलं जमलं.