ताईची सुट्टी

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. ताईची अक्कल पहिल्याच दिवशी गेली. विमानातून उतरून ती घरी आली, हातपाय धुतले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवते न ठेवते तोच तिने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

एरवी बाई हुशार. परदेशात एका वृद्धाश्रमात कामाला होती. दुसऱ्या मजल्यावर, जिथे अंथरुणातून न उठणारी माणसं असतात तिथे. त्यांना पुसून काढायचं, भरवायचं, कपडे बदलायचे, कूस बदलायची. लग्न ठरता ठरता राहिलं होतं आणि ते राहिलं म्हणून ती गेली होती. वर्षातून महिनाभर सुट्टीला घरी यायची. घरात आई, चष्म्याचं दुकान चालवणारा धाकटा भाऊ, भावजय आणि कॉलेजात जाणारी भाची. सगळे तिला ताई म्हणत, भाची तेवढी आत्या म्हणायची. चार दिवस कौतुक व्हायचं, चॉकलेटं वाटून व्हायची, आणि मग ताईला तिकडची आठवण यायला लागायची. हे ती कोणाला सांगायची नाही. तिकडे असताना घरची आठवण येते असं म्हणायला कोणी हसत नाही. घरी बसून तिकडची आठवण येते म्हटलं, तर लोक डॉक्टरला दाखवतील.

या खेपेला आई पूर्ण अंथरुणाला खिळलेली होती. पलंग बाहेरच्या खोलीत, दारासमोर. माणसंही ती विसरत चालली होती. पोटच्या मुलाला दुकानदार समजून चष्मा आणलात का म्हणून विचारायची. दिवसभर नजर दाराकडे. कोणाची वाट बघते ते तिलाच ठाऊक.

ताईचा चहा होत आला आणि आईची कूस बदलायची वेळ झाली. भाऊ डोक्याकडे गेला, भावजय पायाकडे. एकाने खांदे ओढले, दुसरीने कंबर, आणि दोघांची ओढ दोन दिशांना. आई कळवळून म्हणाली, "मेले गं."

"थांबा, व्हा बाजूला," ताई म्हणाली.

तिने एक चादर मागितली, तिची चौपदरी घडी केली आणि खांद्यापासून मांडीपर्यंत आईच्या खाली आडवी सरकवली. आईचा पलीकडचा हात छातीवर घेतला, पलीकडचा गुडघा उभा केला, त्या बाजूचं चादरीचं टोक मुठीत धरलं आणि आपल्याकडे ओढलं. आई अलगद कुशीवर आली. पाठीला उशी लावली, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. आईने हूं की चूं केलं नाही. वर बघून म्हणाली, "बाई, हात हलका आहे हो तुमचा."

सगळे हसले. "आईंना तुम्ही कामाला ठेवलेली बाई वाटलात," भावजय म्हणाली. ताईही हसली. भाऊ म्हणाला, "ताई, तू म्हणजे जादूच केलीस." भावजय खुर्चीवर बसली. आईची कूस बदलली जात असताना ती बसून आहे असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

ताईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिकडे हे काम सगळ्याच करतात, कौतुक कोण करणार? इथे तिने हौसेने तेच दोघांना दोनदा करून दाखवलं. "बघा, जोर लावायचाच नाही, नुसतं ओढायचं." दोघांनी करून बघितलं आणि दोघांनाही जमलं नाही. घरात एखादं काम एकालाच येतंय असं दिसलं की बाकीच्यांचे हात कसे आपोआप अडाणी होतात, हे घरोघरी बघायला मिळतं.

त्या दिवसापासून ताईची ड्यूटी सुरू झाली. पहिला आठवडा तिला ते कळलंही नाही. आईचं करायचं नाही तर कोणाचं करायचं? ती सकाळी आईला पुसायची, वेणी घालायची, भात मऊ करून भरवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. तिची खोली आता भाचीची अभ्यासाची खोली होती, म्हणून ती आईच्याच खोलीत, पलंगाला लागून गादी टाकून झोपायची. बॅग भिंतीशी उघडी पडलेली. कपडे त्यातूनच काढायचे, त्यातच ठेवायचे.

भाचीच्या खोलीत काही घ्यायला जायचं झालं तर ताई तिकडच्या सवयीने दार वाजवायची. "आत्या, घर आपलंच आहे की. दार काय वाजवतेस?" भाची हसायची, आणि आतून कडी लावून घ्यायची.

जेवताना ताई तिकडच्या गोष्टी सांगायला बघायची. तिकडे एक म्हातारा आहे, रोज टाय बांधल्याशिवाय दूध पीत नाही. तिकडे अमुक, तिकडे तमुक. 'तिकडे' म्हटलं की भाची गालात हसायची आणि भाऊ टीव्हीचा आवाज एक घर वाढवायचा. मग तिने सांगणं सोडून दिलं. दुरून डोंगर साजरे असंच त्यांना वाटत असणार. पण ताईचा डोंगर साजरा नव्हताच मुळी. चार बायकांचं भाड्याचं घर, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची, हीटर म्हाताऱ्या माणसासारखा खोकायचा. तिला त्या खोकल्याचीसुद्धा आठवण यायची.

सगळ्यात जास्त आठवण यायची ती काम संपण्याची. कामाची पाळी संपली की ताई एप्रन काढून लोखंडी कपाटात अडकवायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि बाहेर पडायची. त्या दाराबाहेर एकही म्हातारा तिचा नसायचा. ती कोणाची ताई नसायची, कोणाची आत्या नसायची. बसच्या थांब्यावर बसून एक संत्रं सोलून सावकाश खायची. बस आली तरी कधीकधी सोडून द्यायची, घाई कोणाला होती?

तिकडच्या भाड्याच्या घरी स्वयंपाकघरात भिंतीला चार हुक होते आणि चार कप. ताईचा निळा, कान जरा उडालेला. त्या घराचा एक नियम होता, कोणी कधी केला देव जाणे. सुट्टीला जाणारी आपला कप धुऊन हुकावर टांगून जायची. तो कोणी काढायचा नाही, त्यात कोणी प्यायचंही नाही. कप हुकावर आहे तोवर पलंग तिचा. कायमची जाणारी बाई आपल्या हाताने कप काढायची आणि कोणाला तरी देऊन जायची. हॉटेलात कपड्यांना इस्त्री करणारी एक शेजारच्या पलंगावर झोपायची. तिची भाषा वेगळी, ताईची वेगळी, दोघी तिसऱ्याच भाषेत मोडकंतोडकं बोलायच्या. रविवारी इस्त्रीवाली गरम पाण्यात पाय सोडून बसायची, ताई शेजारी बसायची, आणि तासभर दोघी एकमेकींशी काही बोलायच्या नाहीत. इतकं सुख ताईला आपल्या भाषेत कधी मिळालं नव्हतं.

परतीला आठवडा राहिला होता. ताई आईचे कपडे घड्या करत होती, तेवढ्यात भावजय कपाट उघडून उभी राहिली. वरचा कप्पा रिकामा करून तिने त्यात नवा कागद अंथरला होता.

"ताई, हा तुमचा. बॅगेतून कुठे काढघाल करत बसता?"

"अगं, आता राहिले किती दिवस? बॅगेतच बरे आहेत."

भावजयीचा हात कपाटाच्या दारावर थांबला. "हे बोलले नाहीत तुमच्याशी?"

"काय?"

"मला शाळेने परत बोलावलंय. ऑफिसात, माझ्याच जागेवर." तिने मान खाली घातली. "दोन वर्षं झाली ताई. मी या घराबाहेर फक्त औषधं आणायला गेलेय. दोन बायका ठेवून बघितल्या. एक पळाली, दुसरीने आईंना पलंगावरून पाडलं. मी काही मजा करायला नाही जात. पण मला ना, कधीकधी वाटतं, मीच अंथरुणाला लागेन."

ताईला रागवायचं होतं. पण रागवणार कोणावर? ही बाई जे मागत होती तेच तर ताईला हवं होतं. एक दार, ज्याच्या बाहेर पडलं की घर आपलं नसतं.

रात्री जेवण झाल्यावर भाऊ आला, चष्मा पुसत. स्वतःला नंबर नाही, तरी दुकानाची शोभा म्हणून हा गडी चष्मा लावतो आणि अडचणीच्या वेळी पुसतो.

"तुला कसं सांगावं तेच कळेना," तो म्हणाला. "तू आलीस आणि आईला केवढा आराम पडला, तूच बघतेस. तुझ्यासारखं कोणाला जमतं?"

"तुम्हाला शिकवते मी. अवघड नाही रे ते."

"शिकवलंस की. जमतंय का?" तो थोडा थांबला. "तिकडे परक्यांचं करतेस ताई. ही तर आपली आई आहे."

या वाक्याला उत्तर नसतं, आणि बोलणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. ताईच्या ओठावर आलं होतं की परक्यांचं करते म्हणूनच मला जमतं रे. तिथे पाळी संपते. तिथे माझा एक कप आहे. पण आईच्या पलंगाशी उभं राहून कपाची गोष्ट सांगणारी मुलगी ऐकणाऱ्याला कशी दिसेल, हे तिला बोलायच्या आधीच दिसलं. आपण वाईट आहोत की काय असं तिला खरोखर वाटलं. ती म्हणाली, "बघू." भाऊ खुशीत झोपायला गेला.

तिने तिकडच्या सुपरवायझरला फोन केला. बाई चांगली होती, पंधरा दिवस वाढवून दिले. ताईने तिकीट पुढे ढकललं. पंधरा दिवसांत निराळं काय होणार होतं? आई बरी होणार नव्हती, आणि दुसरं काही व्हावं असं ताईला मनातसुद्धा म्हणता येत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. पंधरा दिवस संपल्यावर ताईने आणखी मुदत मागितली, तेव्हा सुपरवायझर म्हणाली, "वाईट वाटतं, पण मजल्यावर माणूस लागतं. जागा रिकामी ठेवता येत नाही." ते ताईलाही पटलं. तिथलं कोणी आजारी पडलं की ती स्वतः दुप्पट राबलेली होती.

भावजय कामावर जायला लागली. पंधरवड्यात तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. संध्याकाळी ती ताईसाठी आठवणीने फळं आणायची, चपला काढता काढता गुणगुणायची, ऑफिसातले किस्से सांगायची. दारातून येणारा तो हलका चेहरा ताई ओळखत होती. तो तिचाच होता, बसच्या थांब्यावरचा. तिने किस्से नीट ऐकले. टीव्हीचा आवाज तिने वाढवला नाही.

मग एका दुपारी इस्त्रीवालीचा फोन आला, चेहरा दिसणारा. आधी तिने हीटर दाखवला, खोकून दाखवला, दोघी हसल्या. मग फोन स्वयंपाकघरात नेला. भिंतीवर चार हुक, चार कप.

"नवीन मुलगी आली," इस्त्रीवाली म्हणाली. "तुझ्या पलंगावर. घरमालक ऐकत नाही."

"मुलगी कशी आहे?"

"लहान आहे. रडते. पण चांगली." तिने फोन निळ्या कपाजवळ नेला. "कप आम्ही हात नाही लावला. तू सांग. ठेवू?"

"राहू दे थोडे दिवस."

"बरं." पण फोन ठेवला नाही. "ती ग्लासात चहा पिते. हात भाजतो तिचा."

ताईने निळ्या कपाकडे बघितलं. उडालेला कान बरोबर भिंतीकडे वळवून टांगलेला होता, तिने स्वतः टांगला होता तसाच. आपण जातानासुद्धा तो नीट दिसावा म्हणून खटपट केली होती, हे आठवून तिला आपलंच हसू आलं.

"काढ," ती म्हणाली. "दे तिला. सांग, कान जपून धर."

इस्त्रीवालीने कप काढला. भिंतीवर हुक तेवढा राहिला. दोघी रविवारच्या सवयीने काही न बोलता बसून राहिल्या, मग तिकडून कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. ताई उठली, बॅगेतले उरलेले कपडे काढून वरच्या कप्प्यात ठेवले आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली.

आईची कूस बदलायची वेळ झाली होती. आई जागी होती, नजर दाराकडे.

"बाई, तुम्हाला घरी नाही का जायचं?" आईने विचारलं. "किती दिवस झाले, इथेच आहात."

इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच. ताई पलंगाच्या कडेला बसली. डोळे वाहायला लागले होते, ते लपवायच्या फंदात ती पडली नाही.

"जायचंय की," ती म्हणाली. "फार जायचंय."

"मग रडता कशाला?" आईने आपला सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि घरातल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "थोडे दिवस कळ काढा. माझी मुलगी यायची आहे सुट्टीला. परदेशात असते. ती आली की मी सांगते तिला. ती बघेल माझं, मग तुम्ही मोकळ्या."

"कधी येणार आहे?"

"येईल. दरवर्षी येते."

ताईने डोळे पुसले. आईचा पलीकडचा हात छातीवर घेतला, गुडघा उभा केला आणि चादर आपल्याकडे ओढली. पाठीला उशी लावली. मग आईचं तोंड दाराकडे आहे ना, ते वाकून एकदा बघून घेतलं.