आरशापुरता दत्तू

दत्तू गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्याच्या घरी दाढी करत होतो. त्याच्या थोरल्या मुलाचा फोन. "काका, आबा गेलं. दुकानातच... खुर्चीत बसल्या बसल्या." अर्धा गाल साबणाचा तसाच राहिला. खरं सांगतो, मला धक्का बसला नाही. तीन आठवडे मी त्याच फोनची वाट बघत होतो, आणि का, ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

औंधजवळच्या आमच्या गावात दत्तूचं केस कापायचं दुकान होतं. शाळेपासूनचा माझा मित्र, पण समोरासमोर त्यानं माझ्या डोळ्यांत कधी पाहिलं नाही. माझ्याच काय, कुणाच्याच नाही. गुरुजी "वर बघ" म्हणाले की याच्या मानेवर घाम फुटायचा, पायाचा अंगठा जमीन उकरायला लागायचा आणि येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं. गुरुजींना वाटे, पोराच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. आम्ही त्याला 'नवरी' म्हणायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढं. नंतर मी फौजेत गेलो, नजर समोर ठेवायला शिकलो, आणि न ठेवणारा माणूस मला आणखीच खटकू लागला.

पण सुट्टीवर आल्यावर त्याच्या खुर्चीत बसलो की वेगळाच दत्तू भेटायचा. तो माझ्या मागं उभा, आम्ही दोघं समोरच्या आरशात, आणि तिथं गडी सरळ डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा, हसायचा, माझी टर उडवायचा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "हितं माणूस माझ्याकडं बघत न्हाई रं, काचंकडं बघतंय." बाकी कामाचं तोंडानं सांगणं नाहीच, सगळं बोटांच्या खुणांनी. हनुवटीखाली दोन बोटं टेकवली की मान वर करायची. गावातल्या म्हाताऱ्यांनाही त्याची ही खूण पाठ होती.

निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिलो तरी केस कापायला मी गावी त्याच्याकडेच जायचो. या वर्षी त्या खुणा बिघडल्या. वस्तरा मध्येच थांबायचा. डावं कोपर अंगाशी दाबून तो क्षणभर भिंत धरायचा. एकदा माझ्या मानेवर टेकलेली बोटं बर्फासारखी गार लागली. आरशात पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता, केव्हापासून कोण जाणे. म्हणाला, "छातीत कुणी तरी मूठ आवळल्यागत हुतंय गड्या. घरात बोललो न्हाई."

मी त्याला साताऱ्यात एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे विचारत होते. दत्तूची नजर फरशीवर. "काय न्हाई... जरा पित्त हाय." छातीत दुखतं का? "न्हाई." मी शेजारीच बसलो होतो. टेबलाखाली त्याची दोन गार बोटं माझ्या मनगटावर टेकली. मला कळलं, माझ्याऐवजी तू सांग म्हणतोय. ती खूण मला नाही कळणार तर कुणाला? पण माझं डोकं फिरलं होतं. साठी आली, आता तरी यानं स्वतःच्या तोंडानं बोलावं, एकदा अडला की शिकेल, असं मनात आलं आणि मी हात काढून घेतला. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मीही विषय काढला नाही. तीन आठवडे रोज वाटायचं, उद्या परत नेऊ...

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या मुलानं दुकानातला आरसा मला दिला. "आबा तुमच्याशीच बोलायचं, काका." त्याला काय माहीत. आता मी त्याच आरशात दाढी करतो. गळ्याशी आलो की हात थांबतो, हनुवटीखाली बोटं टेकतील असं वाटतं, आणि मग मनगटावर तो गारठा जाणवतो. परवा मी मोठ्यानं बोलून गेलो, "डॉक्टर, हा खोटं बोलतोय. याच्या छातीत लय दुखतंय."

"आवं, कुणाशी बोलताय?" मागं दारात बायको उभी होती. मी वळलो. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं म्हटलं, पण नजर तिच्या पावलांच्या वर जाईना. शेवटी मी परत आरशाकडे तोंड केलं, आणि तिथं दिसणाऱ्या तिला सगळं सांगितलं.