पाहुण्या संघातला अलसूरकर

तो मूळचा बंगळूरातल्या आमच्या अलसूरचा, पण बंगळूरला फुटबॉलचा सामना खेळायला आला तो मलायाच्या संघातून. "अण्णा, घर विसरलास काय?" आमचे प्रेक्षक डिवचत. तो नुसते मोजे वर ओढी.

सामना एक-एक असा बरोबरीत असताना तो जुन्या सवयीनं कन्नडमध्ये ओरडला, "इल्ली कोडो!" इकडे दे! आमच्या बॅकनं, त्याच्याच गल्लीतल्या सोबत्यानं, सवयीनंच चेंडू त्याला दिला. त्यानं गोल मारला. हात मात्र उंचावले नाहीत.

नंतर हॉटेलात ते दोघे माझ्यासमोरच्या टेबलाला बसले.

"चेंडू परत द्यायचास की रे!" सोबती म्हणाला.

"अंगात शर्ट त्यांचा होता," तो म्हणाला. मग एक कॉफी मागवून त्यानं ती दोन पेल्यांत ओतली. पेले सारखे भरले नव्हते. जास्त भरलेला त्यानं सोबत्यापुढे सरकवला.