डॉक्टरांनी न सांगितलेलं पथ्य

डॉक्टरांनी मना न केलेली मिसळ मी माझ्या सासऱ्यांना दीड वर्ष बंद ठेवली. हे गेल्या रविवारपर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो — बायकोजवळ तर नाहीच, वडील तिचे.

पेशाने मी वकील. नाशिकच्या कोर्टात हयात गेली ती 'हे करावे' आणि 'हे करू नये' यांतला फरक दाखवण्यात. हुकूम वेगळा, मनाई वेगळी. जिथे मनाई नाही तिथे माणूस मोकळा — हे मी अशिलांना झोपेतही समजावू शकतो. औषधाचंही तेच, नाही का? घ्या म्हटलं ते घ्यायचं, टाळा म्हटलं ते टाळायचं. आणि डॉक्टर काहीच टाळा म्हणाले नसतील तर? — थांबा, तिथेच येतोय.

सासरे मनमाडचे, रेल्वेत गार्ड होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. नाशकात त्यांच्या ओळखीचं कोण? म्हणून मीच त्यांना रविवारी माझ्या मित्रांच्या टेबलावर मिसळ खायला नेलं. तोवर तिथे किस्से सांगायचा मान माझा. थोड्याच दिवसांत मित्र 'मामा, मामा' करत खुर्च्या त्यांच्याकडे वळवून बसायला लागले. त्यांची मालगाडी कसाऱ्याच्या घाटात अडकली की सगळ्यांचा रस्सा गार व्हायचा. मी कोर्टातलं काही काढलं की — ते संपायच्या आत सगळे हात धुवायला उठायचे.

मग त्यांच्या अंगावर पित्त उठलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सासरे बाहेर चपला घालत होते, मी आत थांबून पथ्य विचारलं. काही नाही म्हणाले, सगळं खाऊ द्या. पण आपल्या घरांत नुसत्या गोळ्यांनी कुणाचं समाधान होतं? काहीतरी बंद करील तोच डॉक्टर हुशार. बायकोने दारातच विचारलं, "पथ्य काय सांगितलं?" आणि माझ्या तोंडून — चुकून? छे, चांगला विचार करून — निघालं, "मिसळ बंद."

पित्त आठवड्यात गेलं. मनाई राहिली. लाल सिग्नल पाळण्यात ज्याची सगळी नोकरी सरली, तो माणूस कशाला तक्रार करतोय? रविवारी मी परतलो की गॅलरीतून फक्त विचारायचे, आज रस्सा कसा होता. मी म्हणायचो, पाणचट. एकदा जरा लाजतच म्हणाले, पापड तर चालत असेल ना? आमच्याकडे मिसळीबरोबर पापड येतोच. मी न्यायाधीशासारखा विचार केला आणि तेवढी सवलत मंजूर केली. तेव्हापासून माझ्या वाटचा पापड कागदात बांधून आणतो. घरी येईपर्यंत तो मऊ पडलेला असतो. ते शेवटपर्यंत खातात.

आणि टेबलावरचा माझा मान? मित्र दर रविवारी विचारतात — मामा कधी येणार?

गेल्या रविवारी सासरे लेकीला सांगत होते, "जावई एकदाही पापड विसरले नाहीत हो." ते मात्र मला ऐकवेना. म्हटलं, "डॉक्टरांनी मिसळ बंद केलीच नव्हती. मी केली. सगळे तुमचंच ऐकायला लागले होते, म्हणून."

बायकोने हातातला कप खाली ठेवला. सासऱ्यांनी पापड संपवला, कागदाची नीट घडी घातली.

"जावईबापू," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुमची ही पहिलीच गोष्ट लांबली नाही."